'द मॅन हू क्राइड' : रडणारा माणूस नेमका कोण?

सांजवारा

शेवटासकट सगळं लिहिलंय. ज्यांना चित्रपट अजून बघायचाय त्यांनी इथूनच मागे फिरावं.

सॅली पॉटर या ब्रिटिश दिग्दर्शिकेचा 'द मॅन हू क्राइड' २००० साली आला. काही वर्षांपूर्वी पहिल्यांदा लावला तेव्हा अर्ध्यात झोप लागली होती, हे कबूल करते. गेल्या आठवड्यात पुन्हा पाहिला. या वेळी संपल्यावर दिवा लावायलाही लगेच उठवेना.

गोष्ट थोडक्यात. १९२७, रशियातलं एक ज्यू खेडं. फेगेले नावाची चिमुरडी, तिचे वडील, आजी. वडील सिनेगॉगमध्ये गाणारे. 'तिकडे बस्तान बसलं की तुम्हाला बोलावून घेतो' असं सांगून ते अमेरिकेला जातात. मागे गावावर हल्ला होतो, घरं पेटतात. फेगेले कशीबशी निसटून बंदरावर पोचते आणि अमेरिकेऐवजी इंग्लंडला जाते. तिथे तिचं नाव होतं सूझी. एका इंग्रज घरात वाढते. जवळ वडिलांचा एक फोटो, आणि डोक्यात त्यांचं गाणं.

मोठी झाल्यावर (क्रिस्टिना रिची) ती नाचगाण्याच्या एका ताफ्यात लागते आणि पॅरिसला येते. अमेरिकेच्या तिकिटाचे पैसे साठवायचे, हे एकच ध्येय. खोली वाटून घ्यायला लोला भेटते (केट ब्लँचेट). ही रशियन नर्तकी, हसरी आणि पक्की हिशेबी. डान्ते (जॉन टर्टुरो) हा इटालियन ऑपेरागायक, आवाज देवाचा आणि मत मुसोलिनीचं. आणि सीझर (जॉनी डेप), रंगमंचावर पांढरा घोडा घेऊन येणारा रोमा (जिप्सी) तरुण. लोला डान्तेचा हात धरते, सूझी सीझरच्या प्रेमात पडते, आणि जर्मन पॅरिसमध्ये शिरतात.

मला दोन गोष्टींवर बोलायचंय. एक, शीर्षकातला रडणारा माणूस कोण? सूझी निघायच्या आदल्या रात्री ती झोपलेली असताना सीझर रडतो. शेवटी हॉलिवूडमध्ये वडील सापडतात, तेव्हा तेही रडतात. दोघांपैकी कुणाचा चित्रपट आहे हा?

दुसरं म्हणजे सूझी बोलतच नाही. माझ्या नवऱ्याने मध्येच विचारलं, 'हिचे संवाद लिहायचे राहून गेले का?' बहुतेकांना हाच दोष वाटतो. मला मात्र आता वाटतंय की चित्रपट आहेच मुळी तिच्या गप्प बसण्यावर. इंग्लंडच्या शाळेतला तो प्रसंग आठवा. तिने यिद्दिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) सोडायची, इंग्रजी बोलायची. शिकवणारा मास्तर वेल्श. त्यालाही लहानपणी त्याची भाषा शाळेच्या दारात सोडावी लागली होती. आता तोच हिला पढवतोय, तेही आपण हिचं भलं करतोय अशा समजुतीने. मला तो मास्तर सगळ्या जर्मन सैनिकांपेक्षा जास्त लागला.

तिरफळ

डेपसाठी पाहिला होता. तो पांढऱ्या घोड्यावर येतो, बघतो, जातो. नायिका बघते. घोडाही बघतो. तिघांचे मिळून पन्नास संवाद नसतील. त्याच वर्षी 'शोकोला'मध्येही हा साहेब नदीवरचा भटक्या होता. केस तेच, नजर तीच, फक्त घोड्याऐवजी होडी.

पण पॅरिसच्या रस्त्यांवर रात्री ते घोडेस्वार पुढे आणि मागून ती सायकल मारतेय, ते दृश्य मात्र डोक्यातून जात नाही. तेवढ्यासाठी माफ.

घाटमाथा

सांजवारा, लेख चांगला आहे, पण चित्रपटाला तुम्ही फार सवलत दिलीत. इतिहासाच्या वहीत लाल शाईच लाल शाई आहे.

पहिलं. १९२७चा रशिया म्हणजे सोव्हिएत संघ. ज्यू वस्त्यांवरच्या हल्ल्यांची भयंकर लाट आली ती यादवी युद्धाच्या काळात, १९१८ ते १९२१, मुख्यतः युक्रेनमध्ये. १९२७ला सोव्हिएत सरकार सिनेगॉग बंद करत होतं, धर्मशिक्षणावर घाला घालत होतं. तोही जाचच, पण जात वेगळी. खेडं पेटवणारा जमाव त्या वर्षात बसत नाही.

दुसरं. वडील १९२७ला अमेरिकेला निघतात. अमेरिकेने १९२४च्या कायद्याने पूर्व युरोपासाठी दार जवळजवळ बंद केलं होतं. रशियाच्या वाट्याला वर्षाला सव्वादोन हजारांच्या आसपास जागा. वीस वर्षं आधी निघाले असते तर खरं वाटलं असतं.

तिसरं, सगळ्यात खटकणारं. घरमालकीण गोल्डस्टीन बाईंना पॅरिसमध्ये धरून नेतात. जर्मन पॅरिसमध्ये आले १४ जून १९४०ला. त्या शरद ऋतूत ज्यूंची नोंदणी सुरू झाली. पहिली मोठी धरपकड मे १९४१ची, आणि त्यात परदेशी ज्यू पुरुष होते. बायकामुलांना सरसकट उचललं ते १६ आणि १७ जुलै १९४२ला. तेरा हजारांवर माणसं, त्यांत चार हजारांवर मुलं, आणि उचलणारे फ्रेंच पोलीस. त्या वेळेपर्यंत अमेरिका युद्धात उतरून सात महिने झाले होते. मग सूझी आणि लोला ऐटीत पोहण्याचा तलाव असलेल्या जहाजाने अमेरिकेला कशा निघतात? १९४०-४१मध्ये सुटणारे लोक मार्सेलला ताटकळत होते, स्पेन ओलांडून लिस्बन गाठत होते, एकेका शिक्क्यासाठी दारोदार फिरत होते. इथे लोला पर्समधून दोन तिकिटं काढते.

सांजवारा

घाटमाथा, १९२४च्या कायद्याचं खरंच लक्षात आलं नव्हतं. तुमच्या तिन्ही मुद्द्यांवर माझ्याकडे उत्तर नाही.

पण हा चित्रपट तारखांवर चालतो असं मला वाटत नाही. तो एका मुलीच्या आठवणीवर चालतो. सगळं तिला जसं आठवतं तसं : जंगल, आग, बोट, घोडा, पुन्हा पाणी. तिला सनावळ्या माहीत नाहीत. आपल्या आज्या 'प्लेगच्या साली' आणि 'गांधीवधाच्या वेळी' यांची सरमिसळ करायच्या, तसं.

घाटमाथा

आजीची सरमिसळ मी चालवून घेतो. दिग्दर्शिका पडद्यावर ठळक अक्षरांत साल लिहिते, तेव्हा ती आजी नसते.

उंबराचं_फूल

तुमचं दोघांचं चालू द्या. लोलाबद्दल कुणीच बोलत नाहीये! माझ्या मते चित्रपट लोलाचा आहे. सूझीला निदान शोधायला बाप आहे. लोलाला मागे काही नाही, पुढे काही नाही, आहे ते फक्त दिसणं. तिला ते पुरतं कळलेलं आहे. बरा सूट घातलेला पुरुष दिसला की तिच्या चेहऱ्यावर दिवा लागतो, आणि तो दिवा कधी खरा, कधी बटण दाबून लावलेला, हे ब्लँचेट इतकं सुरेख दाखवते की मी दोनदा मागे जाऊन पाहिलं.

डान्ते किती नीच आहे हे तिला कळत नाही असं नाही. सूझी आपल्याला भाव देत नाही म्हणून तो जर्मन अधिकाऱ्याला सांगून टाकतो की ती ज्यू आहे. त्यानंतर पळून जायची सोय करते ती लोलाच. जिला आपण पूर्ण वेळ संधीसाधू म्हणत होतो तिने दोन तिकिटं काढलेली असतात, एक नाही. आणि मग मैत्रिणीला वाचवणारी ती बाई जहाजावरच्या तलावात मजेत पोहत असताना बाँब पडतो आणि जाते. कुठलंही भाषण नाही, कुणाच्या मांडीवर डोकं नाही. मला हा भाग फार प्रामाणिक वाटला.

तिचे रशियन उच्चार काहींना नाटकी वाटतात. अहो, ती बाईच नाटकी आहे.

मंद्र_सप्तक

मी गाण्याबद्दल लिहितो, कारण बाकी विषयात मला गती नाही.

चित्रपटात पुन्हा पुन्हा येणारी चीज म्हणजे बिझेच्या 'मोत्यांचे पाणबुडे' या ऑपेरातलं नादीरचं गाणं, 'जे क्रुआ आँताँद्र आँकोर'. अर्थ साधारण असा : 'मला अजूनही ऐकू येतंय असं वाटतं'. नायक एके काळी लपून ऐकलेला एका स्त्रीचा आवाज आठवतोय. ज्या मुलीकडे वडिलांचा फक्त आवाज उरलाय तिच्या गोष्टीला याहून नेमकी चीज सापडली नसती. चाल पाळण्याच्या झोक्यावर बेतलेली आहे, आणि सूर वर जातो तो ताकदीने नाही, अलगद, जवळजवळ खोट्या आवाजात. जोर लावला की गाणं मेलं. पोटातून आवाज काढणाऱ्या तगड्या गायकांची इथेच फजिती होते.

गंमत म्हणजे हा ऑपेरा घडतो सिलोनमध्ये. १८६३ साली पॅरिसच्या रंगमंचावर श्रीलंकेचे कोळी, देऊळ, एक पुजारीण आणि ब्रह्मदेवाची आळवणी! बिझे तेव्हा चोवीस वर्षांचा होता. कथानक म्हणे आधी मेक्सिकोत घडायचं होतं, मग उचलून सिलोनला ठेवलं. म्हणजे पौर्वात्य देखाव्याला हौसेने टाळ्या वाजवणारं पॅरिस, आणि त्याच पॅरिसला आपल्या गल्लीतले रोमा मात्र नकोत. पॉटरबाईंनी हे जाणून केलं असणार. त्या रंगमंचावर खऱ्याखुऱ्या रोमा माणसाचं काम काय, तर मागून घोडा आणणं.

टर्टुरो पडद्यावर फक्त ओठ हलवतो. आवाज साल्वातोरे लिचित्राचा आहे. सिसिलीत स्कूटरच्या अपघातानंतर २०११मध्ये हा माणूस गेला, वय जेमतेम त्रेचाळीस. पार्श्वसंगीत ओस्वाल्दो गोलिहोव यांचं. हे अर्जेंटिनात वाढलेले, पूर्व युरोपीय ज्यू कुटुंबातले. सीझरच्या कबिल्यात जे वाजवतात ते 'ताराफ द हाइदूक्स', रुमानियातल्या क्लेजानी गावचे अस्सल रोमा वादक. ते पडद्यावर आले की बाकी सगळे नट नटच वाटू लागतात, ही चित्रपटाची अडचण म्हणावी लागेल.

भिजकं_पान

वाचून आत्ता ऐकलं. ऑफिसात. चूक केली. डोळे पुसताना बॉसने पाहिलं, सर्दी झालीय म्हणून सांगितलं. रडणारा माणूस मीच, धागा बंद करा.

पाणवठा

सीझरवर आणि त्याच्या लोकांवर थोडं लिहायला हवं, नाहीतर ते इथेही शोभेचेच राहतील.

रोमा लोकांची भाषा मुळात भारतीय कुळातली आहे. मराठी माणसाने नुसते शब्द वाचले तरी चमकायला होतं. पाणी : पानी. नाक : नक. कान : कन. काळा : कालो. माणूस : मानुष. दोन : दुई. पाच : पांज. दहा : देश. वीस : बिश. मग सात, आठ, नऊ विचारा : एफ्ता, ओख्तो, एन्या. हे ग्रीक! म्हणजे वाटेत ग्रीक भाषिक मुलखात इतकी वर्षं राहिले की आकडे तिथले चिकटले. प्रवासाचा दाखला कागदावर नाही, मोजण्यात आहे. आणि स्वतःच्या भाषेला ते म्हणतात 'रोमानी छिब'. छिब म्हणजे जीभ.

सांजवारा, तुमच्या मुद्द्याला हे जोडून बघा. सूझी आणि सीझर यांचं प्रेम जमतं ते दोघांनाही परकी असलेल्या भाषेत. म्हणून ते एकमेकांशी कमी बोलतात असं मी धरून चालतो.

फ्रान्सपुरतं सांगायचं तर रोमांच्या मागे लागायला जर्मनांची वाट पाहावी लागली नाही. १९१२पासूनच फिरत्या लोकांना स्वतःची मापं आणि बोटांचे ठसे असलेली वही बाळगायची सक्ती होती. ६ एप्रिल १९४०ला, म्हणजे जर्मन येण्याच्या दोन महिने आधी, फ्रेंच सरकारनेच हुकूम काढून त्यांचं फिरणं बंद केलं. मग मोंत्रई-बेलेसारख्या छावण्यांत कोंडलं. पॅरिस सुटलं ऑगस्ट १९४४मध्ये, पण शेवटचे रोमा छावणीतून बाहेर पडले १९४६ साली. युद्ध संपून वर्ष उलटलं होतं! फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी ही जबाबदारी उघडपणे मान्य केली २०१६मध्ये. ज्यूंच्या धरपकडीबद्दल ती १९९५ला मान्य झाली होती. पश्चिम जर्मनीने रोमांचा वंशसंहार झाला हे म्हणायला १९८२ उजाडलं.

चित्रपटात सीझर पळून जायला तयार होत नाही, आपल्या माणसांसाठी मागे राहतो. पुढे त्याचं काय झालं ते दाखवत नाहीत. त्या मुलीला तरी कुठे कळलं असणार?

घाटमाथा

पाणवठा, उत्तम. माझी तक्रार यातूनच सुरू होते. इतकं सगळं असताना त्या भूमिकेत केंटकीचा जॉनी डेप, केसांना तेल लावून. मागे उभे असलेले क्लेजानीचे वादक आणि पुढे हा. प्रेक्षकाला रोमा माणूस बघवणार नाही, पण रोमासारखा दिसणारा तारा बघवेल, हा हिशेब. ऑपेरावाल्यांचं जे चुकतं असं मंद्र_सप्तक म्हणतात, तेच दिग्दर्शिकेने केलंय.

तिरफळ

हे मात्र बरोबर. डेपचा चाहता असून सांगतो.

पंचगंगाकाठ

जरा अवांतर. विस्थापितांचा विषय निघाला म्हणून सांगतो. आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती. पाच हजारांच्या आसपास माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. आजोबा सांगायचे की गोऱ्या बायका बाजारात येऊन मोडक्या मराठीत भाव करायच्या. अशा एखाद्या मुलीवर चित्रपट निघायला हवा.

घाटमाथा

नक्की निघावा, पण हा धागा वेगळा आहे. वळिवड्याची माणसं बहुतांशी कॅथलिक होती आणि त्यांना देशोधडीला लावलं स्टालिनने, सायबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन. तिथून इराणमार्गे ती इकडे आली.

सूझीच्या जवळची गोष्ट हवी तर वॉल्टर कॉफमनची घ्या. मंद्र_सप्तक सांगतील.

मंद्र_सप्तक

सांगतो! कॉफमन हे कार्ल्सबादचे, जर्मन भाषिक ज्यू संगीतकार. नात्झींचं संकट ओळखून १९३४ला मुंबईत आले. पुढे आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीताचं काम पाहिलं. केंद्र सुरू होताना वाजणारी ती धून, जी ऐकत आपल्या कित्येकांच्या शाळेच्या सकाळी गेल्या, ती त्यांची मानली जाते. तानपुऱ्यावर शिवरंजनीची छाया. घर सुटलेल्या माणसाने परक्या गावाच्या सकाळी लावून दिल्या. १९४६ला ते गेले, धून राहिली.

दिवेआगरची_लेक

नमस्कार मंडळी. मी इस्राएलमधल्या अश्दोदहून लिहिते आहे. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. माझा जन्म मुंबईचा, सासरमाहेर दोन्हीकडची मुळं कोकणातली. चुका सांभाळून घ्या, मराठी लिहायची सवय मोडली आहे.

वरती कोणी 'सिनेगॉगमध्ये गाणारे' लिहिले आहे. आम्ही त्यांना हझान म्हणतो. माझे मामा होते. लग्नात, मलिद्याच्या विधीच्या वेळी, सगळीकडे त्यांचा आवाज.

एक गोष्ट आधी स्पष्ट करते. सूझीची गोष्ट ती आमची गोष्ट नव्हे. आम्हाला कोकणात कोणी जाळले नाही, हाकलले नाही. शनवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनवार तेली म्हणत, एवढेच. आम्ही आपण होऊन आलो. येथे युरोपातून वाचून आलेल्या बायका आमच्या शेजारी राहिल्या, त्यांच्या हातावर आकडे होते. त्यांच्यापुढे आम्ही आमचे काही सांगत नसू. येथल्या काही धर्मगुरूंनी आम्ही पुरते ज्यू आहोत की नाही अशी शंका काढली तेव्हा मात्र आईला फार लागले. तिला वाटायचे, तिकडे दोन हजार वर्षे कोणी विचारले नाही, आणि इकडे घरी येऊन विचारतात.

चित्रपट मी मुलीबरोबर पाहिला. शेवट अनेकांना खोटा वाटेल, की बाप हॉलिवूडचा बडा माणूस होतो, नाव बदलतो, नवा संसार करतो, आणि मरताना मुलगी समोर येते तेव्हा जुनी भाषा तोंडात येते. मला तो खोटा वाटला नाही. माझ्या आईला शेवटच्या वर्षी विसरण्याचा आजार झाला. आधी हिब्रू गेली. चाळीस वर्षे बोललेली भाषा, महिन्याभरात गेली. मराठी राहिली. दवाखान्यात सांभाळणारी मुलगी इथिओपियाची, तिला मराठीचे अक्षर येत नाही. आई तिला रोज सांगे, 'गो, मला पेज दे.' ती मुलगी आठ दिवसांत 'पेज' शिकली. नातवंडांना आजीचे बोलणे कळत नव्हते आणि त्या परक्या मुलीला कळत होते.

तर तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर : वडील. तो माणूस मुलीसाठी रडतो की इतकी वर्षे न बोललेल्या भाषेसाठी, हे मला सांगता येत नाही.

उंबराचं_फूल

ताई, तुमची मराठी मोडलेली नाही. आमची मोडलीय. असंच लिहीत राहा.

भिजकं_पान

पुन्हा सर्दी.

घाटमाथा

दिवेआगरची_लेक, शेवटाबद्दलचा माझा आक्षेप मागे घेतो. तो मी अजून लिहिलाही नव्हता, पण लिहिणार होतो.

सूझीच्या गप्पपणाबद्दलचा मात्र ठेवतो. गप्प पात्र लिहिणं आणि पात्र न लिहिणं यांत फरक आहे. गप्प माणसाच्या आत काय चाललंय ते कृतीतून कळावं लागतं. सूझी काय करते? लोला खोली शोधते, डान्ते चहाडी करतो, सीझर मागे राहतो, पुन्हा लोला तिकिटं काढते. सूझीच्या बाबतीत गोष्टी फक्त घडत जातात. शेवटचा अर्धा तास सोडला तर ती स्वतःच्याच चित्रपटात पाहुणी आहे. साशा व्हिएर्नीचा कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर इतका प्रेमाने थांबतो (हा त्या थोर छायालेखकाचा शेवटचा चित्रपट) म्हणून आपण तिथे खोली आहे असं धरून चालतो. सांजवारा, तुम्ही त्या चेहऱ्यात काहीतरी आपलं भरताय. काय ते सांगा.

सांजवारा

बरोबर पकडलंत. सांगते.

मी डहाणू तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. वर्गात बहुतेक मुलं वारली. घरी वारली बोलतात, शाळेत पुस्तकातली मराठी. सोळा वर्षांपूर्वी नवी रुजू झाले तेव्हा माझ्या वर्गात पहिलीत एक मुलगी होती. वर्षभर एक शब्द बोलली नाही. हजेरीलासुद्धा नुसती उठून उभी राहायची. मी शेरा लिहिला : 'मुलगी मंद वाटते.' कुणी सांगितलं नव्हतं लिहायला. मी माझ्या बुद्धीने लिहिला.

मुलं आपसांत वारलीत बोलली की मी टेबलावर पट्टी आपटायचे. मारलं कधीच नाही. 'नीट बोला' म्हणायचे. नीट म्हणजे माझ्यासारखं. त्यांचं भलं व्हावं, पुढे तालुक्याला हसू होऊ नये, असंच मनात होतं. वेल्श मास्तराच्या मनात होतं तेच.

एकदा शाळा सुटल्यावर ओढ्याकडून चालले होते. ही मुलगी दोन धाकट्या भावंडांना काहीतरी सांगत होती. हातवारे, आवाज बदलणं, वाघ होणं, म्हातारी होणं. पाच-दहा मिनिटं झाडाआड उभी राहून ऐकलं. एक अक्षर कळलं नाही. त्या दोघांचे डोळे मात्र मला दिसत होते. मला बघितल्यावर ती थांबली आणि पुन्हा वर्गातली झाली.

सूझी पॅरिसमध्ये सगळ्यांच्या मागे उभी असते ना, तेव्हा मला वाटत राहतं की ही कुठल्यातरी ओढ्याकाठी वेगळी असणार. पटकथेत ते नसेल, घाटमाथा. तुमचा मुद्दा मला मान्य आहे. पण मी ते बघितलेलं आहे, त्यामुळे मला ते दिसतं.

पाणवठा

धन्यवाद, हे लिहिल्याबद्दल. शेरा पुसला का?

सांजवारा

नाही. तो कागद पुढे गेला होता. ती चौथीनंतर शाळेत आली नाही. तेव्हा कुटुंबं वीटभट्टीवर जायची, तशी गेली असावी.

आता मुलांना आधी त्यांच्या भाषेत गोष्ट सांगायला लावते. मग तीच मराठीत. मला वारली येत नाही, थोडी समजते. मी म्हणून दाखवलं की वर्ग हसतो. परवा पहिल्या बाकावरच्या एकाने माझा उच्चार तीनदा दुरुस्त केला आणि चौथ्यांदा नाद सोडला.

मंद्र_सप्तक

बाई, आपण भेटलो तर तुम्हाला बिझे ऐकवीन.

घाटमाथा

माझ्याकडून पटकथेला दहापैकी चार, यावर मी ठाम आहे. बाकी काही लिहीत नाही.

दिवेआगरची_लेक

सांजवाराबाई, फेगेले म्हणजे यिद्दिशमध्ये लहानशी पाखरी. आमच्या शेजारच्या पोलंडच्या आजी माझ्या मुलीला तेच म्हणत. मी तिला चिमणे म्हणायचे. मुलीला वाटे तिची दोन नावे आहेत.

तिरफळ

या धाग्यामुळे काल घरी पुन्हा लावला, आईला घेऊन. मंद्र_सप्तक यांनी सांगितलेलं गाणं सुरू झालं तेव्हा आईने टीव्हीचा आवाज वाढवला. सहसा ती कमीच करते. सीझर रडला तेव्हा मी तिच्याकडे बघितलं, काही नाही. वडील रडले तेव्हाही काही नाही. संपल्यावर म्हणाली, 'ते सगळं ठीक. पण ती गेल्यावर त्या पांढऱ्या घोड्याचं काय झालं रे?'

इथे कुणाला माहीत असेल तर सांगा. ती सकाळपासून दोनदा विचारून गेलीय.